कोकराची गाठ

नागूबाईच्या कपाळावरच्या कुंकवानं सगळ्या पिंपळदऱ्याला वर्षभर घोर लावला होता. संक्रांतीला बायका वाण घेऊन घरोघर फिरायच्या, हसत-खिदळत तिच्या दारापर्यंत यायच्या, आणि करंड्यात बुडवलेलं बोट तिच्या कपाळाशी नेता-नेता मधेच अडायचं. लावावं, तर नवरा तळ्यात गेलेली बाई. न लावावं, तर नवरा मेलेला पाहिलाय कुणी? शेवटी नागूबाईच ते बोट धरून कपाळाला टेकवायची आणि म्हणायची, लावा, तुमचं कुंकू काय झिजत न्हाय.

बाई पहिल्यापासून फटकळ. तामलवाडीकडच्या धनगराची पोर, चालायला शिकली तीच मेंढरांच्या मागं. लग्न होऊन येडशीच्या खालच्या अंगाला या गावात आली, तर नवरा मिळाला मुलखाचा मुखदुर्बळ. सिदू माणसांशी दिवसाकाठी चार शब्द बोलला तर लई झालं. जे काय बोलायचा ते मेंढरांशी. मग घरातलं दोघांचं बोलणं नागूबाईच बोलायची. तो चारायचा, ती लोकर कातायची, सणगराकडून घोंगडी विणून आणायची. एकुलती लेक ढोकीला दिली आणि दोघंच उरली. भांडण म्हणाल तर एकाच गोष्टीवरून, सिदूच्या गाठीवरून. कडबाकुट्टीत त्याच्या डाव्या अंगठ्याचं पेर गेलेलं, त्यामुळं कोकराला बांधायची गाठ तो उलट्या हातानं मारायचा. कोकरानं कितीही ओढलं तरी ती गळ्याला आवळायची नाही, आणि सुटायचीही नाही. सकाळी कोकरं सोडताना नागूबाईची नखं दुखायची आणि तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. सिदू नुसता हसायचा. अशी गाठ मेंढरांच्या वाड्यावर दुसऱ्या कुणाला जमत नव्हती.

गेल्या भादव्यात रामलिंगच्या डोंगराकडून पाण्याचा लोट आला तो भर दुपारी. तळ्याच्या पोटात मातीची एक टेकडी आहे, पाणी उतरलेलं असलं की तिच्यावर कोवळं गवत असतं. सिदू मेंढरं घेऊन तिथंच होता. बघता-बघता टेकडीचं बेट झालं. सगळं गाव काठावर जमलं, आणि करणार काय, बघत उभं राहिलं. सिदू डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांच्या मधोमध उभा होता. त्यानं हात हलवला नाही, हाक मारली नाही. बोट मागवली होती, ती वाटेतल्या पुलावर पाणी आलं म्हणून अडकली. मग पावसाची अशी झड आली की पलीकडचं काहीच दिसेना. झड ओसरली तेव्हा टेकडी नव्हती, मेंढरं नव्हती, सिदूही नव्हता.

मेंढरं सापडली. तळ्याच्या भिंतीपाशी फुगून वर आली. सिदू काही सापडला नाही. बोट आली, आकाशातून फिरणारा कॅमेरा आला, गळ टाकून झाले. नागूबाई एकच सांगत होती, त्या बेशरमात बघा. टेकडीच्या बगलेला काठाजवळ बेशरमाच्या झुडपांचं रान माजलंय, खाली कमरेएवढा काळा गाळ. तिथं पायी जावं तर माणूस रुतत जातो, आणि बोटीनं जावं तर बोटीला पाणी पुरत नाही. सिदूचा धाकटा भाऊ धनाजी कमरेला दोर बांधून शिरला होता, त्याला चार जणांनी ओढून काढला तेव्हा कुठं त्याचे पाय सुटले. सगळी म्हणाली, पाण्याची ओढ भिंतीकडं, माणूस बगलेला जाईल कसा? बरोबरच होतं त्यांचं. मेलेला माणूस ओढीच्या विरुद्ध जात नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना नागूबाईनं आवाज ऐकला. मेंढरं वळवताना सिदू जीभ टाळूला लावून जी साद काढायचा, ती. बेशरमातून आली. ती ओरडत सुटली. माणसं धावली, कान देऊन उभी राहिली. काही नाही. वैनी, टिटवी हाय ती, धनाजी म्हणाला. तेवढ्यात मेली एक टिटवी उडालीही. तिसऱ्या दिवशी शोध थांबवला आणि माणसं आपापल्या घरी गेली.

पुढचं वर्ष तिचं ना मागं ना पुढं. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. भावकी म्हणायला लागली, गवताचा पुतळा करू, त्याला माती देऊ, दिवस घालू, म्हणजे सिदूलाही वाट मोकळी आणि आम्हालाही. नागूबाईनं सगळ्यांना हुसकावलं. गवताच्या पेंढीला म्या नवरा म्हनू का, असं तिनं विचारलं. कुणीतरी सांगितलं, सोलापूरच्या बाजारात सिदूसारखा एक जण बघितला. भाकरी बांधून गेली, दिवसभर बाजार पालथा घातला. होता तोही धनगरच, पण त्याचे दोन्ही अंगठे शाबूत होते. घरी येऊन जेवली नाही. मनातल्या मनात मात्र त्या टिटवीशी तिचं भांडण चालूच होतं. टिटवी असेल तर सिदू पहिल्याच दिवशी गेला. आणि टिटवी नसेल तर? पुढचं मनात आणायचा तिला धीर होत नव्हता, आणि आणल्याशिवाय राहवतही नव्हतं.

बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. यंदा पोळ्याच्या आधी सरकारनं एक गाडी पाठवली. सहा जाड टायर, वर गुरांच्या डोणीसारखी प्लॅस्टिकची पेटी, हाती मोटारसायकलसारखं हँडल. जमिनीवर चालते, चिखलात चालते, पाण्यात उतरली की तरंगते आणि टायरच फिरून तिला पुढं नेतात. पोरांनी लगेच तिचं नाव बेडूकगाडी ठेवलं. पुढच्या पुरात कामाला येते का, ते पिंपळदऱ्याच्या तळ्यात तपासायचं ठरलं. तालुक्याचे साहेब आले, कंपनीचा एक माणूस आला, पोलीस आले, फोटोवाले आले. चालवायला वैजनाथ म्हणून ढोकीचा गडी होता, आधी कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवलेला.

टेकडीवर पूरग्रस्त म्हणून कुणालातरी बसवायचं होतं, म्हणजे गाडी जाऊन त्याला सोडवून आणणार आणि फोटो निघणार. साहेब म्हणाले, बाई असली तर बरं. गावातल्या बायकांनी पदर सावरले. नागूबाई पुढं झाली. सगळी चपापली, धनाजी तर आडवा आला. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. कंपनीचा माणूस मघापासून सांगत होता, आमची गाडी जाणार नाही अशी जागाच नाही. नागूबाई त्याला म्हणाली, बसते म्या टेकडीवर, पण परत आणताना त्या बेशरमातनं आणायचं. माणसं हसली. साहेबांनी विचार केला, चिखलाची चाचणी घ्यायचीच आहे, त्यासाठी टँकरचं पाणी ओतून केलेल्या डबक्यात काय आणि बेशरमात काय. ते हो म्हणाले.

वैजनाथनं गाडीच्या तळाचं बूच घट्ट आहे का ते बघितलं, तिला टेकडीवर सोडलं आणि परत काठाला आला. मग खरी चाचणी सुरू झाली. नागूबाई सिदू उभा होता तिथं उभी होती. काठावरून साहेब भोंग्यातून ओरडत होते, हात हलवा, मावशी, दोन्ही हात हलवा. तिचा हात वर होईना. एवढ्या जवळून दिसत होती सगळी. कुणाच्या अंगावर कोणतं लुगडं आहे तेसुद्धा ओळखू येत होतं. सिदूलाही अशीच दिसली असणार. गाडी टायर फिरवत संथपणे आली, वैजनाथनं हात दिला, तिला आत घेतलं. विडा लावून खावा, इतक्या वेळात तिची सुटका झाली होती. काठावर टाळ्या पडल्या.

मग गाडी बेशरमात शिरली. काठावरून निघतानाच कंपनीचा माणूसही आत बसला होता. सहाही चाकं गाळ उडवायला लागली, बेशरमाच्या काड्या कडाकडा मोडल्या, आणि गाडी खरोखरच चालली. जिथं माणसाचा पाय टिकत नव्हता तिथून ती वाट काढत गेली. मधेच मागचं चाक घरघरलं, गाडी कलली आणि थांबली. वेल अडकला असेल, जोर द्या, कंपनीचा माणूस म्हणाला. वैजनाथनं जोर दिला. चाकानं अर्धा वेढा घेतला आणि गाळातून काहीतरी काळं, जड वर आणलं.

नागूबाईनं वैजनाथच्या मनगटावर हात ठेवला.

"दादा, बंद कर."

त्यानं इंजिन बंद केलं. नागूबाई कडेवरून वाकली, ओंजळीनं पाणी मारून ते धुवायला लागली. काळी घोंगडी, काठाला पांढऱ्या दोन रेघा, आणि त्या रेघांच्या मधून गेलेला लाल धागा. तो धागा घोंगडी ओळखू यावी म्हणून तिनंच घातलेला होता. वैजनाथनं कापायला चाकू काढला, तिनं तो परत ठेवायला लावला. मग दोघांनी मिळून चाकात गुंडाळलेली घोंगडी हातानं उलगडली. उलगडत गेली तसं तिचं दुसरं टोक बेशरमाच्या एका जाड बुडख्याशी गेलेलं दिसलं. मधल्या घडीत सिदू होता. जेवढा उरला होता तेवढा.

कंपनीच्या माणसानं तोंड फिरवलं. वैजनाथ कसाबसा म्हणाला, पाण्यानं वाहून आणलं असंल, मावशी, अन् इथं अडकलं असंल. नागूबाईचं लक्ष त्या बुडख्याकडं होतं. घोंगडीचं टोक बुडख्याला वेढा देऊन बांधलेलं होतं. उलट्या हाताची, न आवळणारी, न सुटणारी गाठ.

"पाण्याला गाठ मारता येत न्हाय, दादा," ती म्हणाली. "रुतू नये म्हनून बांधून घेतलं त्यानं. वाट बघत हुता."

वैजनाथ मोठा गडी, पण हँडलवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. नागूबाई रडली नाही. तिनं तळ्याचं पाणी घेतलं आणि स्वतःच्या हातानं कपाळ पुसलं. गाठ तिनं सोडली नाही; बुडखाच खालून तोडायला लावला. गाडी काठाला आली तेव्हा बायकांनी तिच्या मांडीवरची घोंगडी नंतर बघितली, कपाळ आधी बघितलं, आणि एकीनं हंबरडा फोडला.

पोलिसांचे सोपस्कार झाले, माती देऊन झाली. चिखलातून काढला आणि मातीत घातला, गाठीसकट. गाडी चाचणीत पास झाली म्हणे. चांगलीच आहे गाडी, तिला कशाला नावं ठेवायची. सिदू पडला होता तिथून काठ हाकेच्या अंतरावर होता, आणि नागूबाई वर्षभर रोज त्या काठावर येऊन बसत होती. काखेत कळसा म्हणायलासुद्धा जीभ रेटत नाही.

दहाव्या दिवशी धनाजी तिच्यापुढं येऊन बसला. त्याचं तोंड या काही दिवसांत पार उतरलं होतं. भटजी विचारत होते, सिदूचं वर्षाचं घालायला तिथी कोणती धरायची. पुराचीच धरू का, वैनी, त्यानं विचारलं. नागूबाई चातीवर लोकर कातत होती. हात न थांबवता तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"पुराची नगं, भावजी. पुरात न्हाय मेला त्यो," ती म्हणाली. "समदी काठावरनं उठून घरला गेली, त्या दिसाची धरा."