सगीदा आपाकडे ठेवलेली झाडं

आमच्या सोरयेगानला राहायला म्हणून कुणी आलंच नव्हतं. विचारा हवं तर कुणालाही. तेल लागलं, पगार दुप्पट आहे असं कानावर आलं आणि जो तो पेटी उचलून निघाला. चार वर्षं थंडी सोसू, गाठीला काही जोडू आणि परत जमिनीवर जाऊ, असं प्रत्येकाचं ठरलेलं. उरलेल्या देशाला आम्ही 'जमीन'च म्हणतो, आम्ही जणू पाण्यात उभे आहोत. तेही अगदीच खोटं नाही म्हणा. दलदलीत ओब नदीची वाळू ओतत गेले आणि त्या वाळूवर हे गाव उभं राहिलं. मीही अशीच आले, उबदार दक्षिणेतल्या आस्त्राखानहून, तेलवाल्यांच्या खानावळीत स्वयंपाकाला. नोन्ना माझं नाव. तोंडाने फटकळ आहे, आधीच सांगून ठेवते.

आता गावात सोळा मजली इमारती आहेत, पोहायचा तलाव आहे, आणि आताच्या पोरींना वाटतं की हे सगळं पहिल्यापासून असंच होतं. कुणी आयतं आणून ठेवलंय जणू. ऐकलं की माझं टाळकं सरकतं. म्हणून सगीदा आपाबद्दल सांगते.

सगीदा आपा तातार, कामा नदीकडच्या खेड्यातली. नवऱ्याच्या, मिर्गासीमच्या मागोमाग ती आली तेव्हा इथे रस्ता नव्हता, दुकान नव्हतं, डास मात्र मुबलक. पहिला हिवाळा दोघांनी चाकांवरच्या पत्र्याच्या डब्यात काढला. झोपेत तिचे केस भिंतीला चिकटून गोठायचे, मग मिर्गासीम कोमट पाण्याने ते सोडवायचा. तो तेलविहिरींवर ड्रिलिंगला आणि ही क्रेनवर. उंचीने माझ्या खांद्याला लागते, पण टॉवर क्रेनच्या त्या काचेच्या खोपट्यात बसली की खालचा मुकादमसुद्धा जपून बोलायचा. 'बांधकाम रस्ता' म्हणतात तिथल्या पाच मजली इमारतींच्या भिंती तिने एकेक करून जागेवर टेकवल्या आहेत. एकदा उणे बेचाळीसमध्ये साहेबांनी काम चालू ठेवायला सांगितलं. इतक्या थंडीत लोखंड काचेसारखं तडकतं हे साहेबांनाही ठाऊक होतं, पण त्यांना वरून घाई होती आणि बोलायची कुणाची टाप नव्हती. आपा शिडीवरून उतरली, किल्ली साहेबांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही चढा. मी खाली उभी राहून बघते." साहेब काही चढले नाहीत. काम थांबलं.

एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण वाट्याला आलं ते लाकडी दुमजली घर. खालचा मजला तिचा, वरचा माझा. लेक इल्सियार शिकायला काझानला गेली आणि तिकडचीच झाली. मिर्गासीम वारला तेव्हा सगळे म्हणाले, जमिनीवर ने त्याला, त्याच्या खेड्यात. तेव्हा तशीच पद्धत होती. आपलं माणूस इथे पुरायला कुणाचं मन होत नसे. आपाने ऐकलं नाही. "त्याचा घाम इथे सांडलाय, तो इथेच राहील," एवढंच म्हणाली.

झाडांचं लचांड सुरू झालं ते झोयापासून. झोया प्रयोगशाळेत तेल तपासायची. ऐन हिवाळ्यात तिचं जमिनीवर जायचं ठरलं. सामान कंटेनरमध्ये भरून मालगाडीने जातं, आठवडेच्या आठवडे गारठत. त्यात कपाट टिकतं, कुंडी टिकत नाही. तर ही बाई जिरेनियमची कुंडी शालीत गुंडाळून आपाच्या दारात उभी. "आपा, टाकवत नाही गं." आपाने घेतली. पुढच्या वर्षी कुणी रबराचं झाड आणलं, कुणी बी रुजवून वाढवलेलं लिंबू, कुणी जास्वंद. मग रीतच पडली. जमिनीवर जायचं पक्कं झालं की आधी आपाकडे झाडं पोचवायची, मग तिकीट काढायचं. अंगणात कुणी कुंडी घेऊन येताना दिसलं की आम्ही समजायचो, आणखी एक घर रिकामं झालं.

झाडांना ती त्या त्या माणसाच्या नावाने हाक मारायची. मला वर सगळं ऐकू यायचं. "मार्कोव्ह, पानं का गाळतोयस? घरी होतास तेव्हा चांगला धट्टाकट्टा होतास." "झोया, पुरे कर बाई, किती फुलशील." नवख्याला वाटायचं, हिच्याकडे पाहुणे उतरलेत. खिडक्यांत कुंड्या, कपाटांवर कुंड्या, न्हाणीघरात कुंड्या आणि जिन्यातही कुंड्या. जिना माझाही होता, बरं का. येता-जाता मी ठेचकाळायचे आणि येता-जाता करवादायचे. पण सर्दी झाली की कोरफड तोडायला मीच खाली जायचे, हेही खरं.

गेल्या हिवाळ्यात आमचं घर पाडायचं ठरलं. नव्या वस्तीत नवव्या मजल्यावर आपाला एक खोली आणि स्वयंपाकघर, तिला लागूनच मला. मी नाचायचीच बाकी होते. जानेवारीअखेर जुन्या घरातलं गरम पाणी तोडणार होते, म्हणजे भिंतीवरचे हीटर थंड. आणि नेमकी तेव्हाच अशी थंडी उतरली की पारा उणे सत्तेचाळीसवर जाऊन बसला तो हलेचना. घरांच्या कचेरीतला ग्लेब नावाचा तरुण आपाकडे आला तेव्हा मी तिथेच चहा पीत बसले होते.

"सगीदा खारिसोव्ना, फर्निचर न्यायला ट्रक देतो," तो वडिलांच्या नावासकट अदबीने म्हणाला. "झाडांसाठी मात्र आमच्याकडे काही सोय नाही."

"ट्रक उघडा ना?"

"वर ताडपत्री आहे."

"या थंडीत तू माणूस नेशील का ताडपत्रीखाली बसवून?"

ग्लेब बुटांकडे बघायला लागला. "पाणी तोडायची तारीख माझ्या हातात नाही हो," म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा.

तो गेल्यावर आपाने एक जास्वंद चादरीत गुंडाळली, अंगणाच्या फाटकापर्यंत नेली आणि तशीच परत आणली. करून बघितलं तिने. संध्याकाळपर्यंत त्या झाडाची सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबली. आपा त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिली. तिला तसं बसलेलं मी मिर्गासीमच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

इल्सियारचा फोन आला. आपा कानाने कमी ऐकते, म्हणून फोनचा आवाज सगळ्या खोलीत. "आई, दे सोडून ती झाडं. इकडे ये. तुझी खोली केव्हाची तयार आहे."

"लोकांची ठेव आहे ती. उद्या कुणी मागितली तर काय तोंड दाखवू?"

"इतक्या वर्षांत आलं का कुणी मागायला?"

आपा फोन ठेवून मला म्हणाली, "मी इथेच राहते. विजेची शेगडी आहे माझ्याकडे. वसंतात बर्फ वितळलं की झाडं घेऊन येईन."

मग माझा तोल गेला. "डोकं फिरलंय तुझं, आपा. कुंड्यांपायी गारठून मरशील आणि मला येऊन तुला खरवडून काढावं लागेल."

"तू जा ना आस्त्राखानला टरबूज खायला," ती शांतपणे म्हणाली. "घर घेऊन ठेवलंयस, कुलूप लावून ठेवलंयस. दर वर्षी म्हणतेस, येत्या वसंतात जाते. जा की."

लागलं मला. दार आपटून वर गेले.

दुसऱ्या दिवशी खानावळीत बोर्शचं, म्हणजे बिटाचं, सार वाढताना माझं तोंड सुटलं. समोर ड्रिलिंगवाले, वेल्डर, ड्रायव्हर, सगळी पाळी जेवायला बसलेली. "मोठे आलेत पाताळातून तेल काढणारे," म्हटलं. "एका म्हातारीच्या कुंड्या गावाच्या पलीकडे नेता येत नाहीत कुणाला." आणि सगळं सांगितलं, जास्वंदीसकट. चमचे थांबले. कामगारांची बस चालवणारा येव्सेय मार्कोव्ह म्हणाला, "नोन्ना मावशी, आमच्या बाबांचं रबराचं झाड आहे अजून?"

"छताला टेकलंय. दर रविवारी बोलणी खातं."

तो हसला, पण पुढचा घास त्याने घेतला नाही.

त्यानंतरच्या सकाळी रेडिओवर सांगितलं, थंडी हद्दीबाहेर गेली आहे, उघड्यावरची कामं आज बंद. अशा दिवशी आमच्याकडे सगळ्यांना पगारी सुट्टी. शहाणा माणूस पांघरुणात राहतो. मीही राहणार होते, तर खाली इंजिनांची घरघर. खिडकीच्या काचेवरचं बर्फ खरवडून बघते तो अंगणात कामगारांच्या तीन बंद बसगाड्या उभ्या, आत हीटर पेटलेले, आणि त्यांच्यामागे विमानतळावरची ती गाडी, हेलिकॉप्टरचं इंजिन तापवायची. तिच्या पाठीवर भट्टी आणि भट्टीला कॅनव्हासची लांबलचक जाड नळी. येव्सेयने कुणाला मस्का मारून ती आणली, हे त्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

त्यांनी आमच्या दारापासून बसच्या दारापर्यंत ताडपत्रीचा बोगदा उभा केला, कडा बर्फाने चेपल्या आणि ती नळी आत सोडली. घटकाभरात बोगद्यात असं उकडायला लागलं की लोकांनी टोप्या काढल्या. जी माणसं या थंडीत पाइपातलं तेल वाहतं ठेवतात, ती लिंबाच्या झाडाला गोठू देतील होय?

आपा दारात उभी. पहिलं काय बोलली असेल? "बूट झटकून आत या. फरशी कालच पुसली आहे."

मग एकेक कुंडी निघाली, मेंढीच्या कातड्याच्या कोटांत, छातीशी धरून. कामावर ज्यांच्या शिव्यांनी कान किटतात ते बाप्ये श्वास रोखून चालत होते. रबराचं झाड उभं मावेना, तेव्हा येव्सेयने आणि आणखी एकाने ते आडवं धरलं. "बाबा, डोकं सांभाळा," येव्सेय म्हणत होता आणि सगळे हसत होते. ग्लेबसुद्धा आला होता, आपली सुट्टी सोडून. आणि आपा पायरीवर उभी राहून हाताने खुणा करत होती. "हळू. डावीकडे घे. अजून खाली. आता टेकव." क्रेनवर खालचे लोक तिला तशा खुणा करायचे, आज ती करत होती, आणि गावातले तगडे तगडे लोक मुकाट्याने ऐकत होते. असं गाव दाखवा म्हणावं मला जमिनीवर.

नव्या इमारतीपाशीही तोच बोगदा, तीच नळी. दुपार टळायच्या आत शेवटची कुंडी लिफ्टने वर पोचली. एक फांदी मोडली, तीही माझ्याच हातून.

मावेनात मात्र. नवी खोली ती केवढीशी. पलंगावर झाडं, चुलीवर झाडं, आणि तरी निम्मे लोक बाहेरच्या बोळात कुंड्या कवटाळून उभे. आपाने आत बघितलं, बाहेर बघितलं. म्हणाली, "हातात आहेत ती घेऊन जा आपापल्या घरी. तुम्हालाच दिली."

आमच्या गावात झाडं देऊन टाकतात ती केव्हा, हे सगळ्यांना माहीत. येव्सेयने आडवं धरलेलं झाड खाली टेकवलं. "आपा, तू काझानला चाललीस," तो म्हणाला. "मी नाही घेणार. कुणी घेऊ नका रे. घेतलं की ही गेली."

"अरे खुळ्या, मी कुठे जाते? माझा माणूस इथे आहे," आपा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आजवर जाणाऱ्यांनी दिली आणि मी घेतली. आता मी देणार ती राहणाऱ्याला. ज्याला जमिनीवर जायचंय त्याने कुंडीला हात लावायचा नाही. मी परत घेणार नाही, आणि माझ्यानंतर घ्यायला कुणी बसलेलं नाही."

झालं. तुम्हाला वाटेल, त्यात एवढं काय. पण त्या बोळातल्या निम्म्या लोकांचं जमिनीवर कुठे ना कुठे घर होतं, आणि उरलेल्यांच्या मनात होतं. इथेच राहतो हे आमच्यात कुणी मोठ्याने म्हणतच नाही. जन्म गेला तरी आम्ही जाण्याच्याच बेतात.

ग्लेब पुढे झाला. "मला द्या," म्हणाला. "मी जन्मलोच इथे. मला कुठली दुसरी जमीन?" आपाने त्याच्या हातातल्या जिरेनियमची माती बोटाने चाचपली. "पाणी रोज नको. बोलायचं मात्र रोज," तिने सांगितलं.

येव्सेयने रबराचं झाड पुन्हा उचललं. "बाबा जमिनीवर गेले. मी राहतो," तो म्हणाला. मग एक वेल्डर, मग त्याच्या मागचा. कुणी खाली बघून म्हणायचा, कुणी खाकरून, कुणी नुसताच "मीही". एकाने कुंडी हळूच ठेवून दिली आणि निघून गेला, त्यालाही कुणी टोकलं नाही.

शेवटी मी उरले, हातात लिंबाचं झाड. आपाने हात पुढे केला.

"ते दे इकडे, नोन्ना. तुझं आस्त्राखान आहे."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी परतफेड केली असती. कुंडी मी छातीशी आणखी घट्ट धरली. सगळे माझ्याकडे बघतायत. तिकडे माझं घर आहे, खिडकीतून व्होल्गा दिसते, आणि मी दर उन्हाळ्यात जाऊन तिथल्या खुर्च्यांवरची धूळ पुसून येते. तिथे माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी नाही.

"नाही देत," मी म्हटलं.

"मग सांग."

"राहते."

"ऐकू नाही आलं."

"इथेच राहते म्हटलं, बहिरे."

आपाने हात मागे घेतला. मी लिंबू शेजारच्या माझ्या नव्या खोलीत नेलं, उन्हाच्या खिडकीत ठेवलं, डोळे पुसले आणि आस्त्राखानला भाच्याला फोन लावला. म्हटलं, त्या घरात तू बायको-पोरांना घेऊन राहायला जा, किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, मी काही येत नाही.