रिकामी केबल

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ऊसगाड्यांच्या काट्यासाठी युनिक्सचा सर्व्हर आला आणि तो सांभाळायला मी. गाडीचं वजन सर्व्हरमधून शेजारच्या डिस्कांच्या कपाटात जाई. ती वाट तुटली की काटा ठप्प. म्हणून मी दोन केबली टाकल्या होत्या. एक चालती, दुसरी गरज पडली तर काम उचलणारी.

माझ्या आईवडिलांनी जन्मभर ऊस तोडला. गाडी काट्यावर अडली की ऊस वाळतो, वजन घटतं, आणि तोडणाऱ्याची मजुरी वजनावरच असते. त्यामुळे ‘माझा काटा थांबणार नाही’ असं मी जरा जास्तच मोठ्यानं सांगत फिरायचो.

ऐन हंगामात एका सकाळी चालती केबल सर्व्हरच्या ज्या कार्डात खोचलेली होती ते जळालं. मी निवांत. दुसरी उचलेल म्हणून चहासुद्धा सांगितला. काटा काही सुरू होईना. कपाटामागे वाकून पाहिलं, तर दुसरी केबल जागेवर नव्हतीच.

“पल्याडच्या कारखान्यानं मागितली, देऊन टाकली,” स्टोअरकीपर मामा म्हणाले. “तुमीच म्हनले व्हते, ती रिकामीच ऱ्हाती. रिकामा बैल सावडीला मागितला तर न्हाई कावून म्हनायचं?”

आमच्याकडे पेरणीला एकमेकांचे बैल वापरायची सावड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यामुळे मामांचं चुकलं असं धड म्हणताही येईना, आणि मी आणखीच चिडलो. ते बिचारे तसेच मोटारसायकलवर निघाले. केबल घेऊन परतेपर्यंत दुपार टळली होती. रांगेतल्या एका बाईनं पांघरायची वाकळ ओली करून उसावर पसरली होती. मला तिच्याकडे बघवेना.

नवं कार्ड आलं तेव्हा मी सगळी मांडणी बदलली. आता दोन्ही केबलींना निम्मं निम्मं काम, एक तुटली तर सगळा भार दुसरीवर. आणि भर दुपारी, गाड्या रांगेत असताना केबल काढून बघणार, असं मॅनेजरांना सांगितलं.

“चालू काट्यावर खेळ नको. हंगाम संपू दे.”

“हंगाम संपल्यावर काय रिकाम्या काट्याला दाखवू?” मी म्हणालो. त्या दिवशी नोकरी गेली असती तरी मी ऐकलं नसतं.

मामा बॅटरी धरून कपाटामागे उभे राहिले. खिडकीतून काटा दिसत होता. गाडीवर एक बाई लेकराला पाजत बसलेली. मी केबल उपसली. पडद्यावर तक्रारीच्या दोन ओळी उमटल्या, आणि प्रिंटरमधून वजनाची चिठ्ठी बाहेर आली. लेकरू पिऊन व्हायच्या आत गाडी काटा उतरून ऊस ओतायच्या गव्हाणीकडे गेलीसुद्धा. बाईनं मान वर केली नव्हती.

मला रडू आवरेना. मामांनी बॅटरीचा झोत माझ्या हातातल्या केबलीवर धरला.

“आता ती लावा,” ते म्हणाले, “अन् दुसरी काढा.”