कासारणीनं मारलेली हाक

भोरला तेव्हा राजाचं राज्य होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आमचे हे मला पुणं दाखवायला घेऊन गेले. भोरजवळच्या आंबवड्याच्या पुढं मी तोवर कधी गेले नव्हते. तुळशीबागेच्या गर्दीत मागं वळून बघते, तर हे न्हाईत! भोरची मोटार सुटायला आलेली.

तिथल्या एका कासारणीनं मला हेरलं. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता, मान वर न करताच म्हणाली, "नवरा हरवला व्हय? नाव सांग, हाक मारते."

मी पदर तोंडाशी धरला. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं?

"नवरा हरवू दे, पण नाव घ्यायचं न्हाई! अगं, मग उखाण्यात घे."

तिनं माझा हात ओढला आणि बांगड्या भरायच्या असल्यासारखी बोटांची पेरं दाबत राहिली. तसं माझ्या तोंडातून आलं,

"तुळशीबागेच्या गर्दीत चुकली माझी वाट, अमुकरावांची होऊ दे आता तरी गाठ."

नाव मी हितंबी लिहीत न्हाई. ती मात्र उठली आणि कमरेवर हात ठेवून त्या नावानं अशी ओरडली, की सगळा बाजार वळून बघाया लागला. हे घामाघूम होऊन धावत आले.

"अहो, तुमी का न्हाई हिला हाक मारली?"

"चारचौघांत बायकोला हाक कशी मारायची?" हे खाली बघत म्हणाले.

"जोडा बरा जमलाय!" म्हणत ती परत गिऱ्हाइकाचा हात धरून बसली.

मोटार मिळाली. कात्रजचा घाट चढताना, इंजिनाच्या घरघरीत, यांनी हळूच माझं नाव घेऊन बघितलं. मी ऐकू आलं न्हाई असं दाखवलं, म्हणजे परत घेतील.