उलटी चालणारी मुंबई

आमचा बा मुंबईला गिरणीत कामाला होता, पण मुंबईबद्दल त्याच्या तोंडून चार शब्द निघतील तर शपथ! आई विचारायची, "मुंबय हाय तरी कशी वो?" तो म्हणायचा, "हाय बरी." झालं! आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. आईनं तिथून फार तर महाडचा बाजार पाहिलेला. नवरा वर्षाचे अकरा महिने कुठे राहतो, हे तिला ठाऊक नव्हतं. मला त्याचा अजून राग येतो.

एका साली गिरण्यांचा संप झाला आणि बा पावसाळाभर घरीच राहिला. आई गाणी म्हणत भात लावत होती. दिवाळीच्या तोंडावर निरोप आला, संप मिटला, निघून या. आईचं गाणं त्या दिवशी बंद पडलं.

जायच्या आदल्या दिवशी बा ओटीवर कंदील करायला बसला. कळकाच्या कांबट्या, भाताची खळ, महाडहून आणलेला पतंगाचा पिवळा कागद. इथवर नवल नव्हतं. मग त्यानं जाड कागदातून चित्रं कातरली. ट्राम निघाली, धुराडं निघालं, हातात डबे घेतलेली माणसं निघाली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, गिरणीकडे. ती त्यानं एका कागदी चक्राला खालून चिकटवली, चक्राच्या पाकळ्या दुमडल्या आणि ते कंदिलाच्या आत दाभणाच्या टोकावर टेकवलं. खाली पणती. "गरम हवा वर जाती, तिनं ह्ये फिरतं," तो म्हणाला. कुणाचा विश्वास बसला नाही. माझा तर मुळीच नाही.

तिन्हीसांजेला पणती लावली. थोडा वेळ काहीच नाही. मग चक्र थरथरलं, आणि कुणी हात न लावता पिवळ्या कागदावर सावल्यांची मुंबई चालू लागली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पुढे विजेचे दिवेही पाहिले, पण तसं पुन्हा कधी झालं नाही.

फक्त ती मुंबई उलटी चालत होती. माणसांची तोंडं गिरणीकडे आणि पावलं मागे मागे. ट्रामसुद्धा मागे. चुलती ओरडली, "गो बाय, ही तर भुतं हायत!" सगळे खो खो हसले. बा ओशाळला. "पाकळ्या उलट्या दुमडल्या. थांबा, नीट करतो," म्हणत त्यानं कंदिलाकडे हात नेला.

आईनं तो हात धरला. सासूदेखत, दिरादेखत. त्या काळी असं कुणी करत नसे.

"नको," ती म्हणाली. "माघारी येतायत ना ती? येऊं द्या."

हसणं थांबलं. बानं हात सोडवून घेतला नाही. सकाळी दासगावच्या बंदरातून मुंबईची बोट होती आणि ती चुकवून चालणार नव्हतं, हे आईलाही कळत होतं. पणती मंदावली तशी ती उठली. दिवाळीसाठी जपून ठेवलेलं तेल तिनं आणलं आणि सगळंच्या सगळं पणतीत ओतलं.