प्रज्ञाच्या टाकीची जागा पाहून आलो

माझ्या बायकोबरोबर, शांताबरोबर, मी रोजच्यातलं शेवटचं काम केलं ते म्हणजे तिच्या पायाची नखं कापली. गुडघ्यांमुळे तिला वाकता येत नव्हतं. मी चौतीस वर्षं गुरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होतो, जनावरांची खुरं कापत आलो, तेव्हा हे काम आपोआप माझ्याकडं आलं. ती खाटेवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "जपून. म्हैस नाही मी." मी म्हणालो, "म्हैस गुमान उभी राहते." तिनं त्याच पायानं मला ढकललं. त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी छातीत कळ आली आणि ती गेली.

याला दीड वर्ष झालं. आमची एकुलती पोरगी प्रज्ञा अमेरिकेत शिकागोजवळ नेपरव्हिलला असते. तिनं कागदपत्रं करून मला इकडं राहायला आणलं. आमच्या हिंगणघाटची मंडळी फोनवर विचारतात, अमेरिकेत काय पाहिलं? उंच इमारती गाडीतून पाहिल्या, धबधबा अजून पाहिला नाही. पण एक जागा पाहिली, ती तुमच्यापैकी कुणी पाहिली नसेल. मी सातवी शिकलेला, चुकलं तर सांभाळून वाचा.

झालं असं की एका रविवारी जेवताना प्रज्ञा म्हणाली, "बाबा, मी एका ठिकाणी नाव नोंदवलंय. मेल्यावर मला जाळणार नाहीत. लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवतील. पुढं कधी इलाज निघाला तर उठवतील."

माझा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "एवढी शिकलीस आणि हे काय डोक्यात घेतलंस? आपण बौद्ध. आत्मा मानत नाही, पुढचा जन्म मानत नाही. तुझ्या मायला अग्नी दिला, जलदान केलं, झालं."

"म्हणूनच तर. पुढचा जन्म नाही ना? मग हा एकच आहे."

जवळच्या नातेवाइकाची सही लागते म्हणाली, हरकत नाही अशी. वरून म्हणते, "आणि तुम्हीपण नाव नोंदवा. मी फॉर्म आणून ठेवलाय."

मी म्हणालो, "दवाखान्यात औषधाचा खोका फोडून पाहिल्याशिवाय मी कधी सही दिली नाही. आधी जागा दाखव."

म्हणून शनिवारी सकाळी सहाला निघालो. जागा मिशिगन राज्यात, गाडीनं पाच तासांवर. प्रज्ञा ड्राइव्ह करत होती, मी मांडीवर डबा घेऊन बसलो होतो. शिकागो मागं पडलं की दोन्ही बाजूंना नुसता मका. मैलोन्‌मैल मका आणि त्यात एक माणूस दिसेल तर शपथ. नऊ वाजता रेस्ट एरियात थांबलो (हमरस्त्यावर हातपाय मोकळे करायची जागा, संडास स्वच्छ, पाणी फुकट). लाकडी बाकावर पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ली. शेजारच्या बाकावरची गोरी बाई वासानं वळून हसली. मी तिला पोळीचा तुकडा पुढं केला. प्रज्ञा कुजबुजली, "बाबा, इथं असं देत नाहीत." बाईनं तोवर खाऊनही टाकला आणि अंगठा दाखवला.

पुढं एक घोटाळा झाला. मिशिगनमध्ये शिरलो की घड्याळ एक तास पुढं जातं. एकाच देशात दोन वेळा! प्रज्ञा म्हणाली, "शिट, टाइम झोन मी टोटली विसरले." अकराची भेट होती, पोचलो बाराला.

ती जागा म्हणजे एक ठेंगणं गोदाम. शेजारी फर्निचरचं वर्कशॉप. दारात एक म्हातारा आमची वाट पाहत उभा होता. नाव डग. पूर्वी घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा, आता इथं मदतीला येतो, स्वतःचंही नाव इथंच नोंदवलंय. उशीर झाला म्हणून प्रज्ञा माफी मागायला लागली तर म्हणाला, "इथं कुणालाच घाई नाही." हे तिनं मला मराठीत सांगितलं आणि आम्ही तिघं हसलो.

आत पांढऱ्या टाक्या, माणसापेक्षा दुप्पट उंच. प्रत्येकीत काही माणसं, डोकं खाली, पाय वर. डग त्यांना पेशंट म्हणत होता. मला वाटलं होतं मी घाबरेन. पण आम्हाला लोखंडी जिन्यानं वर नेऊन डगनं झाकण उघडल्यावर जो पांढरा धूर खाली उतरला, तो मी जन्मभर पाहिलेला. गायी भरवायला वळूचं बीज आम्ही यातच ठेवायचो, बारक्या नळ्यांत, दुधाच्या कॅनएवढ्या भांड्यात. मी प्रज्ञाला म्हणालो, "त्याला विचार, पातळी कशी मोजता?" डगनं एक लांब काठी काढली, आत बुडवली, वर काढून हवेत हलवली. जिथवर पांढरं दव धरलं तिथवर नायट्रोजन. आमचीच पद्धत! मी त्याच्या हातून काठी घेतली आणि पुन्हा मोजून दाखवलं. त्यानं माझी पाठ थोपटली.

मग मी मनातलं बोललो. एकदा दिवाळीत नायट्रोजनची गाडी आली नाही, भांडं कोरडं पडलं. दोन दिवसांनी नायट्रोजन आला, मी भरला आणि साहेबाच्या भीतीनं कुणाला बोललो नाही. नळ्या वरून होत्या तशाच, लाल-पिवळ्या. महिनाभर आम्ही गायी भरवल्या. एकही गाभण राहिली नाही. आतलं मेलं होतं आणि वरून कळत नव्हतं. "त्याला विचार," मी म्हणालो, "यांचं आतलं जिवंत आहे हे याला कसं कळतं? आम्हाला नळी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून बीज जागं करता यायचं. याला माणूस जागा करता येतो का?"

प्रज्ञाचा चेहरा पडला. तरी तिनं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

डग म्हणाला, "नाही. कुणालाच येत नाही. कदाचित कधीच येणार नाही."

हा माणूस मला तिथं आवडला. विकणारा असं बोलत नाही.

मी विचारलं, "मग तू नाव काहून नोंदवलं?"

त्यानं तिसऱ्या टाकीवर हात ठेवला. "माझी बायको इथं आहे. तिला पुढं काय होतं ते पाहायचं होतं. मला काही हौस नव्हती. पण ती लाजरी. अनोळखी माणसांत तिला कधी करमलं नाही. समजा उठलीच, आणि ओळखीचं कुणी नसलं तर?"

मी पण त्या टाकीवर हात ठेवला. बाहेरून गार लागत नाही, साधी भिंत लागते.

परतताना गाडी पुन्हा मक्यात शिरली. मग मीच विचारलं, "तुला काय कमी पडलं गं, एवढं करायला?"

"कमी नाही, बाबा. लग्न मोडलं तेव्हा वाटायचं संपलं सगळं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी कुठं जगायला जमायला लागलंय. सकाळची कॉफी, लायब्ररी, स्नो पडला की गप्प झालेली गल्ली. मला हे सोडून जावंसं वाटत नाही. एवढंच." थोडं पुढं जाऊन म्हणाली, "आणि तुम्ही मला हसू नका. आई गेली तेव्हा काचेची फ्रीजर पेटी कुणी आणली भाड्यानं? लाइट गेली तर बर्फाच्या लाद्या कुणी लावल्या?"

"तू येईपर्यंत ठेवायला नको? दोन दिवस लागले तुला."

"तेच म्हणते मी. माणूस थांबवतोच."

मी मका पाहत बसलो.

खरं सांगतो, मला स्वतःला पुन्हा उठायची हौस नाही. शांता राख झाली, मी कुणासाठी उठू? आणि ते होईल यावर माझा अजूनही विश्वास नाही. पण प्रज्ञाची दहावी, बारावी, नागपूरची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, प्रत्येक पेपरला मी शाळेच्या गेटबाहेर चप्पल काढून तीन तास बसलो आहे. आत काय विचारतात हे मला कधी कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. पोरगी बाहेर आली की बाप दिसला पाहिजे, एवढंच काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी टेबलाशी बसलो आणि दोन्ही कागद मागितले. तिच्या कागदावर सही केली. माझ्या फॉर्मचे रकाने तिनं भरले. मी म्हणालो, "आता लिही, मला हिच्या आधी उठवा."

"बाबा, असा कॉलम नाहीये."

"मग बाजूच्या कोऱ्या जागेत लिही."

तिनं इंग्रजीत लिहिलं. मी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि खाली मराठीत सही केली.