थोरलीची कवळी

आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस बिऱ्हाडं, आणि त्यातल्या निदान सात तोंडांत दातवाले काकांची कारागिरी आहे. कुणाच्या, ते मी सांगणार नाही. सेक्रेटरी हसताना ओठ मिटून का हसतात, हेही मला विचारू नका.

काका दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाचं माप घेणार आणि काका तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत बसून कवळी घडवणार. प्लास्टरचा साचा, गुलाबी मसाला, बारीक घासायची मोटर आणि नाकावर घसरलेला चष्मा. चाळीस वर्षं हेच. डोळे अधू झाले, मान धरली, तरी वयाच्या सत्तरीत महिन्याला आठ-दहा कवळ्या अजून सुटत होत्या. नव्याने काही घेत नव्हते, पण जुनी गिऱ्हाइकं मरतही नव्हती आणि सोडतही नव्हती.

त्यांच्या घरात दोघी बायका होत्या, असं काकूच सांगायच्या. थोरली खाली उभी आणि धाकटी वर बसलेली. थोरली म्हणजे गाडी. लग्नाच्या तीन महिने आधी काकांनी ती वापरलेली घेतली. चार दारांची, चौकोनी, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची. त्या काळी ती कुणालाही नको होती. शाळामास्तर, कारकून, पोराबाळांची माणसं घ्यायची, आणि जरा पैसा आला की विकून मोकळी व्हायची. काकांच्या हातात पैसा आलाच नाही, म्हणून गाडी राहिली. तिच्यातूनच काकू या घरात आल्या, तिच्यातूनच त्यांची लेक दवाखान्यातून घरी आली आणि पुढे तिच्यातूनच सासरी गेली.

पोरं तिला डबा म्हणायची. सेक्रेटरींनी तिच्यावर चार नोटिसा चिकटवल्या होत्या. 'सदर भंगार वाहन त्वरित हलवावे.' काका नोटीस पाण्याने भिजवून काचेला ओरखडा न पडू देता काढायचे, वाळवायचे आणि तिच्या पाठीवर कवळ्यांचे हिशेब लिहायचे. रविवारी सकाळी खाली येऊन थोरली सुरू करायची, दहा मिनिटं तिची कुरकुर ऐकायची, पुसायची आणि वर जायचं. मी खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे धूर माझ्या स्वयंपाकघरात. तक्रार करायला मी खिडकीत जायचे आणि तासभर गप्पा मारून परत यायचे.

काकांची एक खोड होती. गाडीचं काही झिजलं, तडकलं की दुकानात जायचे नाहीत. मिळायचंही नाही म्हणा. तो भाग काढायचा, तोंडाचं माप घ्यावं तसं प्लास्टरमध्ये त्याचं माप घ्यायचं आणि कवळीच्या मसाल्याचा नवा घडवायचा. त्यामुळे थोरलीच्या गिअरची मूठ हिरड्यांसारखी गुलाबी होती आणि डॅशबोर्डवरची बटणं पुढच्या दातांसारखी शुभ्र. मी म्हणायचे, काका, एक दिवस ही गाडी तुम्हालाच चावेल. पुढे आसपासच्या गाड्यांच्या चाकांवरच्या टोप्या चोरीला जायला लागल्या, तेव्हा काकांनी चारही टोप्या आणि बॉनेटवरचं बोधचिन्ह आधीच काढून ठेवलं, आणि हुबेहूब नकला करून, चंदेरी रंग देऊन बसवल्या. चोर आला तर कवळी घेऊन जाईल, म्हणाले.

काढलेली प्रत्येक अस्सल वस्तू मात्र ते डब्यात घालत, डब्यावर तारीख घालत आणि डबा जिन्याखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत. कवळी बसली तरी आपला दात टाकू नये, हा त्यांचा धंद्यातला नियम. का टाकू नये, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

आता काकूंकडे येते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते बिघडलं. आमच्याकडे लिफ्ट नाही. पायऱ्या चोपन्न. दोन वर्षांत काकू तीनदा खाली आल्या, तिन्ही वेळा खुर्चीत बसून चौघांच्या हातांवर, आणि तिन्ही वेळा दवाखान्यातच गेल्या. तिसऱ्या खेपेला वळणावर सेक्रेटरींचा हात सुटला, तेव्हापासून काकूंनी खुर्चीचं नाव काढू दिलं नाही. गॅलरीत बसायच्या. भाजी, औषधं, दळण, प्लास्टरची पोती, सगळं घेऊन काका दिवसातून चार-पाचदा त्या चोपन्न पायऱ्या चढायचे. दुसऱ्या मजल्यावर थांबून भिंतीला कपाळ टेकायचे. मी एकदा विचारलं, काय करताय? तर म्हणाले, "भिंत पडतेय का बघतोय."

अशात माझ्या समोरचा तळमजल्याचा फ्लॅट रिकामा झाला. मालक भला माणूस. काकांचा वरचा फ्लॅट घेऊन खालचा द्यायला तयार, पण वर रक्कम हवी होती. ती रक्कम काकांनी जन्मात पाहिली नव्हती. मालकाने महिनाभर थांबतो म्हटलं. काकूंनी गॅलरीतून त्या फ्लॅटचं अंगण बघायला सुरुवात केली. तिथं एक नळ आहे आणि सिमेंटचा ओटा, बाकी काही नाही. तेवढ्याकडेच तासन्‌तास बघायच्या.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात जावयाचा फोन आला. आमच्या थोरलीसारखीच एक गाडी कुठंतरी विकली गेली होती आणि किंमत ऐकून काकांनी फोन काकूंच्या हातात दिला. ज्या गाड्या पोराबाळांच्या माणसांनी फुकटात काढल्या, त्या आता उरल्याच नव्हत्या. ज्यांच्या बापाकडे होत्या ती पोरं पैसेवाली झाली होती आणि लहानपणीची मागची सीट शोधत फिरत होती. समोरच्या फ्लॅटला लागणारी रक्कम फिटून वर काकूंच्या दुसऱ्या गुडघ्याला उरेल, एवढी ती किंमत होती.

बातमी बिल्डिंगमध्ये कशी पसरली, ते मला काय माहीत. मी फक्त सहा जणांना सांगितली होती. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी थोरलीजवळ उभं राहून फोटो काढून घेत होते. 'सदर भंगार वाहना'ला आता त्यांनी आमची व्हिंटेज म्हणायला सुरुवात केली. पोरांना तिच्याजवळ बॉल खेळायची बंदी झाली.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक आलं. किडकिडीत, हळू बोलणारा माणूस, हातात टॉर्च आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. पत्र्यावर चुंबक फिरवत, कान लावत, तासभर गाडीभोवती फिरला. आम्ही सगळे सहज म्हणून खाली आलो होतो. सेक्रेटरी तर इस्त्रीच्या शर्टात सहज आले होते. काकू वर कठड्याला धरून उभ्या होत्या, बऱ्याच दिवसांनी.

पत्रा अस्सल आहे, तो म्हणाला. इंजिन तेच आहे. सीटसुद्धा तीच. काकांचा चेहरा उजळला. मग तो आत बसला, गिअरची मूठ प्रेमाने हातात घेतली आणि थबकला. नखाने टिचकी मारली. बाहेर येऊन चाकावरच्या टोपीला टिचकी मारली, मग बोधचिन्हाला.

"हे कशाचं आहे?"

काकांनी अभिमानाने सांगितलं, कवळीचं. तो माणूस बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिला. मग रुमालाला हात पुसत म्हणाला, काम सुंदर आहे, पण माझ्या उपयोगाचं नाही. या गाड्यांची किंमत अस्सल वस्तूंवर असते. टोप्या, चिन्ह, बटणं आता कुठंच मिळत नाहीत. तडकलेली असली तरी चालतील, आहेत ना?

काकांनी जिन्याखाली पाहिलं. तिथं पोरांच्या सायकली होत्या.

आता मला सांगणं भाग आहे. काकू ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या तेव्हा बिल्डिंगच्या स्वच्छता कमिटीची प्रमुख मी होते. जिन्याखाली ती ट्रंक. उघडली, तर तारखा घातलेले डबे. वरच्याच डब्यात दातासारखं पांढरं काहीतरी. मला वाटलं, मेलेल्या गिऱ्हाइकांच्या कवळ्या. उरलेले डबे न उघडताच मी ट्रंक भंगारवाल्याला दिली. आलेल्या पैशांत गेटाजवळ चार कुंड्या आणल्या. त्यातली रोपं दीड महिन्यात वाळली. काकांनी कधी ट्रंकेचं विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. त्यांना आठवत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तर त्या शनिवारी मी सेक्रेटरींकडे बघत होते, सेक्रेटरी माझ्याकडे. भंगारात देताना ट्रंकेचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. सांगून टाकायला मी पुढे झाले.

काका म्हणाले, "मीच दिल्या भंगारात. वय झालं, लक्षात राहत नाही."

तीस वर्षांपूर्वी केलेल्या कवळीचा कुठला दात किंचित वाकडा होता, हे ज्याच्या लक्षात राहतं, तो माणूस हे म्हणत होता.

गिऱ्हाइकाने नवा आकडा सांगितला. फोनवर ऐकलेल्या किमतीच्या तीन भागांतला एक. घाई नाही, विचार करा, म्हणाला. काका नुसते थोरलीच्या टपावर हात ठेवून उभे. तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला. त्या काही ओरडल्या नाहीत, पण आमच्या चौकात सगळं ऐकू येतं.

"देऊन टाका हो. उभं राहून राहून तिलाही कंटाळा आला असेल."

संध्याकाळी मी वर गेले. हातात काकूंची वाटी, म्हणजे परत द्यायचं निमित्त. ती वाटी माझ्याकडे वर्षभर होती. काका मागच्या खोलीत कुणाचा तरी खालचा जबडा घासत होते. काकू पलंगावर. म्हटलं, काका, ती ट्रंक मी दिली.

मोटर थांबली नाही.

"ठाऊक आहे. दवाखान्यातून जेवणाचा डबा न्यायला घरी आलो होतो, त्याच दिवशी बघितलं."

मग दोन वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं. माझी चूक, आणि वर मीच चिडलेली. काकांनी मोटर बंद केली, चष्मा काढला, डोळे चोळले.

"भांडायला खाली यावं लागलं असतं. म्हणजे परत वर चढा."

पलंगावरून काकू हसल्या. "आणि हिच्याशी बिनसलं असतं तर गॅलरीतून मी बोलले कुणाशी असते?" मग म्हणाल्या, वाटी तिथंच ठेव, झाकण घरी राहिलं वाटतं. झाकण खरंच माझ्याकडे होतं.

समोरचा फ्लॅट गेला. एका तरुण जोडप्याने घेतला. त्यांची गाडी मागे घेताना शिट्ट्या वाजवते आणि काकूंच्या त्या ओट्यावर आता कपडे वाळवायचा स्टँड असतो. थोरली ट्रकवर चढून गेली. पहिल्याच फटक्यात सुरू झाली, एवढं मात्र तिने केलं. काका ट्रक वळेपर्यंत थांबले नाहीत. पायऱ्या चढायच्या होत्या.

आलेल्या पैशांतून मागच्या गल्लीत तळमजल्याच्या दोन खोल्यांचं डिपॉझिट भरलं आणि वरचा फ्लॅट भाड्याने दिला. खोल्या अंधाऱ्या, भिंतीला ओल, पण दार थेट गल्लीत उघडतं. सामान हलवायला मी होते. कुणी बोलावलं नव्हतं. सेक्रेटरीही आले आणि प्लास्टरची पोती त्यांनी एकट्याने उतरवली. मी मदत केली नाही. त्यांचा हात सुटतो का, ते मला बघायचं होतं.

चार महिन्यांनी त्या किडकिडीत माणसाकडून एक खोकं आलं. त्याला कुठून कुठून अस्सल वस्तू मिळाल्या होत्या. काकांच्या नकला त्याने टाकल्या नव्हत्या, एकेक कागदात गुंडाळून परत पाठवल्या होत्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, एवढं हाताचं काम टाकवलं नाही. मी म्हटलं, बघा, तुमचा नियम पाळणारा कुणीतरी निघाला. काकांनी खोकं कॉटखाली सरकवलं आणि पुन्हा कामाला बसले. मला वाटलं, संपलं.

गेल्या आठवड्यात झाकण द्यायला गेले. हो, तेच झाकण. तर काकू दारात उभ्या. हातात काठी, आणि काठीच्या टोकाला गिअरची ती गुलाबी मूठ, काकूंच्या पंजाच्या मापाने घासून बसवलेली. प्लास्टरमध्ये हात घालून माप दिलं म्हणे, दोन दिवस नखांतून पांढरं निघत होतं. म्हटलं, काकू, थोरलीचं राज्य शेवटी तुमच्या हातात आलं. त्या म्हणाल्या, "हातात आलं, पायात कधी येतंय बघू." आणि काठी टेकत निघाल्या, दारापासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत. बारा-तेरा पावलं असतील. खांबाला हात लावून थांबल्या, दम घेतला, रस्त्यावरून जाणारी माणसं बघितली.

मी काकांना दाखवायला वळले. काका उंबऱ्याजवळच्या खुर्चीत होते, मान एका बाजूला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड उघडं. दुपारचे चार वाजले होते. या माणसाला मी दिवसा कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. काकू खांबापासून म्हणाल्या, उठवू नकोस, इथं आल्यापासून नुसते झोपताहेत.

मी झाकण काकांच्या मांडीवर ठेवलं आणि काकूंना आणायला खांबापर्यंत गेले.