बाबाचा बारा मीटरचा बुद्ध

कोरियन बाबा उलटा चालायचा. आखातातल्या मुसफ्फाच्या आमच्या तंबू शिवायच्या शेडमध्ये कापड जमिनीवर पसरून तो गुडघ्यांवर रंग भरायचा, आणि कसं दिसतंय ते बघायला मोज्यांवर मागेमागे सरकायचा. दोनदा माझ्या मशीनवर आदळला. मी म्हटलं, "बाबा, मागेही डोळे लावून घे." म्हणाला, "भाई, पुढचेच चालत नाहीत."

खरंच नजर जात होती. कोरियातल्या त्याच्या गावच्या देवळासाठी एवढा एक बुद्ध पुरा करायचा, हाच त्याचा ध्यास. मुलीच्या फ्लॅटमध्ये कापड मावेना म्हणून आमच्याकडे आला. मी विचारलं, "बारा मीटरचा देव देवळात मावणार कसा?" "नाहीच मावत. सणाला माणसंही मावत नाहीत. मग अंगणात खांबांना टांगतात. शेवटच्या म्हातारीलाही दिसतो." कापडाच्या पट्ट्या मी जोडल्या. तशी शिवण त्याला अख्ख्या आखातात मिळाली नसती.

त्यांच्यात चित्राच्या तळाशी सगळ्यांची नावं लिहितात, भात रांधणाऱ्याचंसुद्धा. "हात लागला, नाव लागलं," बाबा म्हणायचा. आमच्या चहा करणाऱ्या मल्याळ्याचंही लिहून घेतलं. मी दुसरी शिकलेला, मला नावापुरतंच लिहिता येतं. म्हटलं, पुरं होऊ दे, मग लिहीन. त्याने जागा सोडली.

चित्र पुरं झालं. डोळ्यांच्या ऑपरेशनला जाताना बाबा बजावून गेला, "पाइपावर गुंडाळ. घडी नको." त्याच आठवड्यात मालकाने शेड बदलली. पिकअपमध्ये पाइप मावेना. मल्याळी म्हणाला, "चाचा, बाबाला विचारू या." मी म्हटलं, "चाळीस वर्षं तंबूंच्या घड्या घालतोय. मला कापड शिकवतोस?"

बाबा मुलीचा हात धरून आला. आम्ही कापड उलगडलं. घडीघडीवर रंग तडकला होता, आणि एक घडी कपाळावरून डोळ्यातून ओठांपर्यंत गेली होती. बाबाने खाली बसून त्यावर बोट फिरवलं, तर पापुद्रा बोटालाच आला. मुलगी मला म्हणाली, "अंकल, ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. आता त्यांच्याने नाही होणार."

"खलास," बाबा म्हणाला. मग चाचपडत ब्रश उचलून माझ्या हातात दिला.

"आता कशाला, बाबा?"

"हात लागला ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सणाआधी मुलगी त्याला गावी घेऊन गेली. चित्र त्याने नेलं नाही. पुढच्या थंडीत तिचा फोन आला, बाबा गेला.

चित्र माझ्या खोलीत आहे, पाइपावर गुंडाळलेलं. कधी उलगडलं, की रंग अजून थोडा गळतो. तळाशी माझं वाकडं नाव मात्र शाबूत आहे. ते घडीनंतरचं.